साहाय्याची मर्यादा

दुसऱ्यास साहाय्य करणें हा सद्गुण आहे, याविषयीं सहसा कोणी वाद घालीत नाहीं. परंतु कोणत्या साहाय्यानें दुसऱ्याचें हित होतें आणि कोणत्या साहाय्यानें त्याचें कर्तृत्वच हिरावून घेतलें जातें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. मोठ्या माणसांच्या व्यवहारांत तो फारसा उपस्थित होत नाहीं; कारण मोठा मनुष्य नको असलेलें साहाय्य नाकारूं शकतो. लहान मुलाला ती सोय नाहीं. म्हणून या प्रश्नाची खरी कसोटी आईबाप आणि मूल यांच्या संबंधांतच पाहिली पाहिजे. आणि सुदैवानें म्हणा कीं दुर्दैवानें म्हणा, अशी कसोटी आपल्या पिढीला अगदीं घराघरांतून पाहावयास मिळाली.

२०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या. पहिलीपासूनचे वर्ग पुन्हां भरण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि पुढच्या जानेवारींत तेहि कांहीं दिवस पुन्हां बंद पडले. या मधल्या काळांत शाळा मोबाइलच्या पडद्यावाटे घरांत शिरली. केंद्र सरकारनें २०२० च्या जुलै महिन्यांत 'प्रज्ञाता' या नांवानें ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ३० ते ४५ मिनिटांच्या दोनांहून अधिक तासिका एका दिवशीं नसाव्यात असें म्हटलें होतें. बालवर्गासाठीं जीं ३० मिनिटें ठेविलीं होतीं, तीं मात्र पालकांशीं बोलून त्यांस मार्गदर्शन करण्याकरितां होतीं. ही तरतूद मला फार अर्थपूर्ण वाटते. पांच वर्षांचें मूल यंत्रासमोर एकटें बसून शिकूं शकत नाहीं, त्याच्या शेजारीं कोणी तरी वडील मनुष्य असावयासच पाहिजे, हें तींत गृहीत धरलेलें आहे. तेव्हां आईबापांनीं साहाय्य करावें कीं करूं नये, हा वादाचा विषयच नव्हे. कोठपर्यंत करावें, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

घरोघर काय घडलें तें वाचकांस ठाऊकच आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारीं किंवा बाहेरच्या खोलींत खिडकीशीं वर्ग थाटला गेला. मूल कॅमेऱ्यासमोर, आणि आई कॅमेऱ्यांत दिसणार नाहीं अशा बेतानें बाजूस. बाईंनीं विचारलें, "सात आणि पांच किती?" मुलानें क्षणभर बोटांकडे पाहिलें, मग आईकडे पाहिलें; आई ओठांतल्या ओठांत "बारा" म्हणाली; मूल मोठ्यानें "बारा" म्हणालें, आणि पडद्यांतून "शाबास" असा शब्द आला. सर्वांस संतोष झाला. यांत कोणाचें कांहीं बिघडलें असें वरवर दिसत नाहीं. कोणी खोटें बोललें म्हणावें तर तसेंहि नाहीं. सात आणि पांच बाराच होतात. तथापि माझ्या मतें या एका कुजबुजींत तिघांचें नुकसान झालें, आणि तें कसें तें नीट पाहण्यासारखें आहे.

प्रथम त्या आईची बाजू ऐकून घेणें न्यायाचें होईल. मुलास अप्रामाणिक करावें असा तिचा हेतु मुळींच नव्हता. नेहमींच्या शाळेंत मूल चुकतें तें चार भिंतींच्या आड, बरोबरीच्या मुलांत. आणि ती चूक पुढच्या क्षणीं विसरली जाते. पडद्यावरच्या वर्गांत तेंच मूल पंचवीस घरांच्या देखत चुकतें. कारण प्रत्येक मुलामागें एखादी आई, एखादे आजोबा, एखादी मावशी ऐकत असते. तेथें मुलाची परीक्षा ही घराची परीक्षा होऊन बसते. शिवाय बाई दुसऱ्या मुलाकडे वळण्यापूर्वीं मिळणारा अवधि दोन-चार क्षणांचा. तेवढ्या क्षणांतली शांतता आईला असह्य होते. म्हणजे कुजबुजीच्या मुळाशीं प्रेम आहे तसें भयहि आहे. आणि हें भय पुष्कळ अंशीं स्वतःच्या प्रतिष्ठेसाठीं आहे, हें मान्य केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

पहिलें नुकसान मुलाचें. त्यानें बोटांकडे पाहिलें तो क्षण ध्यानांत आणावा. सातानंतर आठ, नऊ अशीं पांच बोटें दुमडीत तें बारापर्यंत आलें असतें, कदाचित् अकरावर थांबून चुकलें असतें. पण तेवढ्या वेळांत जें घडलें असतें त्याचेंच नांव शिकणें. आईनें बारा हा आंकडा हातीं दिला आणि बारापर्यंतची वाट काढून घेतली. त्याहून वाईट असें कीं, गणिताऐवजीं मूल दुसराच एक धडा शिकलें: येणें आणि येतें असें दाखविणें यांत फारसा फरक नसतो, आणि अडलें तर बाजूला पाहावें. मुलें उपदेशानें जितकीं शिकतात त्यापेक्षां घरांत काय चालतें हें पाहून अधिक लवकर शिकतात. खरें बोलण्याची महती सांगणारी गोष्ट त्याच आईनें रात्रीं सांगितली असेल. सकाळच्या कुजबुजीपुढें ती फिकी पडते.

दुसरें नुकसान शिक्षिकेचें. शिकविणाऱ्याला बरोबर उत्तरें हवीं असतात असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः त्याला मुलाचीं स्वतःचीं उत्तरें हवीं असतात. मूल हातचा विसरतें कीं अंक उलटा लिहितें, 'ट' आणि 'ठ' यांत गोंधळतें कीं त्याला नीट ऐकूंच येत नाहीं, हें चुकीवरूनच कळावयाचें. आजारी माणसाला वैद्याकडे न्यावें आणि नाडी मात्र स्वतःची पुढें करावी, तसा हा प्रकार झाला. वैद्य बिचारा प्रकृति उत्तम आहे असें सांगून मोकळा होतो, आणि दुखणें तसेंच राहतें.

तिसरें नुकसान ज्याचें होतें तें मूल त्या घरांत नसतेंच. ग्रामीण भारतांतील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाप्रमाणें, शाळेंत नांव असलेल्या मुलांपैकीं ज्यांच्या घरीं स्मार्टफोन आहे अशांचें प्रमाण २०१८ मध्यें ३६.५ टक्के होतें, तें २०२० मध्यें ६१.८ टक्के झालें. दोन वर्षांतली ही वाढ थोडी नव्हे. तरीहि दहांपैकीं जवळजवळ चार मुलांच्या घरीं तें साधन नव्हतेंच. पुढें २०२२ च्या अहवालांत, तिसरींतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचतां येतो त्यांचें प्रमाण २०१८ च्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आलेलें दिसतें. या घसरणीचा दोष कुजबुजणाऱ्या आयांच्या माथीं मारणें वेडेपणाचें होईल. शाळाच बंद होत्या. माझें म्हणणें एवढेंच कीं, वर्गांतलीं वीस मुलें घरच्यांच्या बळावर अचूक उत्तरें देऊं लागलीं म्हणजे शिक्षिका पुढचें पान उलटते. आणि ज्याच्या बाजूला बसावयास कोणी नाहीं, किंवा जी आई बसते तिला अक्षरओळख नाहीं, असें एकविसावें मूल मागच्याच पानावर राहतें. आपल्या घरांत केलेल्या लहानशा लबाडीची किंमत अशा रीतीनें परक्याचें मूल देतें.

मग सुशिक्षित आईबापांनीं कुजबुज टाकून सरळ शिक्षकाचीच जागा घ्यावी काय? या मार्गाचें प्रसिद्ध उदाहरण जॉन स्टुअर्ट मिल याचें आहे. त्याला शाळेंत न घालतां त्याचा बाप जेम्स मिल यानें घरींच शिकविलें. तिसऱ्या वर्षीं ग्रीक भाषेस आरंभ झाला. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत मिल सांगतो कीं, विचार करून जें सांपडण्यासारखें असे तें, आपण शोधून थकल्यावांचून बाप कधींच सांगत नसे. कुजबुजीचा याहून कडक निषेध दुसरा कोणता असणार! परंतु १८२६ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, आपलें मन कसें उदास व शुष्क होऊन गेलें याचेंहि वर्णन त्याच ग्रंथांत आहे. आणि बापाच्या ठिकाणीं मुलांविषयींच्या कोमलतेची उणीव होती, हेंहि त्यानें नमूद करून ठेविलें आहे. शाळेंत बोलणीं खाल्लेलें मूल घरीं येऊन आईच्या पदराआड रडतें. ज्या घरांत आईच बाई झाली, तेथें त्यानें कोठें जावें?

याहून आपल्या मातींतलें एक उदाहरण अधिक उपयोगी पडेल. ताराबाई मोडक या भावनगरास गिजुभाई बधेका यांजबरोबर बालशिक्षणाचें काम करून पुढें १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें आल्या. वस्तींतलीं मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून त्यांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडीची कल्पना तेथून निघाली. पुढें अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें कोसबाडला गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. तेव्हां शाळेनें मुलाच्या दारीं जाणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. परंतु त्या शाळेनें अंगणाचा वर्ग केला नाहीं. भोंवतालच्या साध्या वस्तूंनाच तिनें शिकण्याचें साहित्य केलें. असें भांडार प्रत्येक घरांत असतें. पोळीचे भाग करतां करतां पाव आणि अर्धा समजतो. मापट्यानें तांदूळ मोजतांना, डाळी वेगळाल्या डब्यांत भरतांना, वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावतांना मूल मोजतें, वर्गवारी करतें. आणि चुकलें तर थोडे तांदूळ सांडतात, कोणाची अब्रू जात नाहीं. आईबापांच्या साहाय्याला येथें वाटेल तेवढा वाव आहे. वर्गाच्या वेळीं त्यांनीं घरांत शांतता राखावी, यंत्र सुरू करून द्यावें, अडलेल्या मुलास थोडा वेळ अडूं द्यावें, आणि नंतर "तुला काय वाटतें?" एवढें विचारावें.

साहाय्य कोठें थांबावें यासाठीं मला एक साधी कसोटी सुचते. जें साहाय्य शिक्षिकेच्या देखत करतां येईल तें खुशाल करावें. जें तिच्यापासून लपवावें लागतें तें करूं नये. "बाई, याला हें अजून येत नाहीं, उद्यां पुन्हां विचाराल का?" असें आई कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणूं शकते. "बारा" असें ती उघडपणें म्हणूं शकत नाहीं. कोणी म्हणेल कीं, एकट्या आपल्याच मुलानें सर्वांदेखत चुकावें, हा सत्यवादाचा भुर्दंड त्या कोवळ्या जिवावर कां लादावा? आक्षेप खरा आहे. म्हणूनच शाळेनेंहि मुलांचे लहान गट करून, उत्तराची घाई न करतां, चुकीला निर्भय जागा करून दिली पाहिजे. परंतु चुकीची लाज मुलें जन्मतः घेऊन येत नाहींत. ती आपण त्यांना देतों, आणि ती परत घेणेंहि आपल्याच हातीं आहे.

शाळा उघडल्या म्हणून हा प्रश्न मिटला असें नाहीं. २०२४ च्या नोव्हेंबरांत दूषित हवेमुळें दिल्लींतील प्राथमिक वर्ग पुन्हां पडद्यावर गेले होते. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून येणारा गृहपाठ आणि आईबापांनीं रात्रीं जागून केलेले पुठ्ठ्याचे किल्ले चालूच आहेत. आतां तर विचारतांच उत्तर देणारीं यंत्रें घरांत आलीं आहेत, आणि त्यांना कुजबुजण्यापुरतीहि लाज नाहीं. अशा काळांत मूल बोटें मोजीत असतां त्याच्या शेजारीं स्वस्थ बसून राहणें, हें आईबापांचें एक मोठें आणि अवघड कर्तव्य होऊन बसलें आहे. बाराच्या ऐवजीं तें अकरा म्हणेल. म्हणूं द्यावें; त्याला पुन्हां पहिल्या बोटापासून मोजावयास सवड आहे.