चार दिवसांचा परोपकार

2013 साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हापासून पालघर आणि बोईसर ही स्थानके मुंबईच्या परोपकारी मंडळींना फारच सोयीची झाली आहेत. हिवाळ्यात कपड्यांची गाठोडी, वह्यांचे गठ्ठे आणि औषधांची खोकी घेऊन त्यांचे जथे येथे उतरतात आणि तारापूरच्या कारखान्यांकडे पाठ करून पूर्वेकडील वारली पाड्यांची वाट धरतात. कोणी चर्चचे, कोणी देवळाच्या मंडळाचे, कोणी कचेरीतले. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांचे जथेही दहा-पंधरा दिवसांकरिता आफ्रिकेतील मसाई पशुपालकांत जाऊन येतात. या सर्वांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या कृत्याचा परिणाम पाहावयास कर्ता थांबत नाही, त्यास सत्कृत्य म्हणावे काय?

ज्याच्या येण्यास तिथी नाही तो अतिथी, असे आपण मानतो. या पाहुण्यांच्या येण्याची तिथी महिनाभर आधी ठरते, आणि जाण्याचीही. ती बहुधा थंडीतली असते. कारण तेव्हा हवा सुखकर असते. परंतु दिवाळीनंतर पाड्यांतली धडधाकट माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेलेली असतात. पाहुण्यांस भेटतात ती म्हातारी माणसे आणि मागे राहिलेली मुले. घरातला तांदूळ संपतो तो आषाढ-श्रावणात, आणि त्या चिखलात कोणाचा जथा सहसा येत नाही. शिवाय पाहुणे आपले पाणी, आपला डबा बरोबर आणतात. यजमानीण कोरा चहा पुढे करते, तो नम्रपणे नाकारला जातो. केवळ देणारा आणि घेण्यास नकार देणारा मनुष्य समोरच्यास भिकारी करून सोडतो, हे या सज्जनांच्या ध्यानी येत नाही.

याच भागातले एक उदाहरण पाहावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि 1957 साली ते कोसबादच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले. आठ दिवसांचा पाहुणा एवढ्यावरून म्हणता, की या लोकांस शिक्षणाची किंमतच कळत नाही. आणि ते मत घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतता. तेथेच राहणाऱ्यांस मात्र दिसले की मूल गुरे राखण्यास गेलेले आहे. मग शाळाच कुरणात गेली, आणि कुरणशाळा हा शब्द मराठीस मिळाला. अनुताई 1992 साली मरेपर्यंत याच कामात राहिल्या. त्यांची पहिली कल्पना फसली असती, तर दुसऱ्या सकाळी पाड्यावरची बाई त्यांस तसे तोंडावर सांगू शकत होती. आमच्या मते सेवेचे सारे नीतिशास्त्र या एका सोयीत आहे.

गोदावरीबाई परुळेकरांची गोष्ट याहून कठीण. 1945 साली त्या वारल्यांत गेल्या तेव्हा वेठ होती, आणि लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी होता. त्यास धोतरजोडी देणे सोपे होते. त्या देणगीने सावकाराची झोप मोडली नसती. वेठ नाकारा, हे सांगणे धोक्याचे होते. त्याच वर्षी तलवाड्यास गोळीबार झाला, माणसे मेली. अशा वेळी सल्ला देणाऱ्याने ‘आमची मुदत संपली’ म्हणावे काय? बाईंना जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले; तरी त्या पुन्हा याच लोकांत आल्या.

यावर कोणी म्हणेल, की कारकुनास वर्षातून चारच दिवस सुटी मिळते, त्याने मग घरीच बसावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. मोतीबिंदू काढणारा शल्यवैद्य एका दिवसात परततो, आणि त्याचे काम खरे असते. मात्र पट्टी सोडणारी, डोळ्यांत थेंब घालणारी परिचारिका मागे असली तरच. चार दिवसवाल्याने आपले दिवस अशा मागे राहणारीच्या हाती द्यावेत आणि ती सांगेल ते करावे. ती कदाचित म्हणेल, नाताळात येऊ नका, श्रावणात या. गाठोडी आणू नका, तांदूळ आणा. किंवा म्हणेल, येऊच नका, गाडीभाड्याचे पैसे तेवढे पाठवा, म्हणजे दवाखान्यातील बाईचा पगार निघेल. हा शेवटचा निरोप किती जथ्यांस रुचेल?