बोट आणि शब्द

आमच्या चुलतीनं बिडीला कधी हात लावला नाही. पन्नास वर्षं चूल फुंकली, त्याच धुरानं छाती धरली. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात.

कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर आता तिच्या उशाशी असतं. सकाळ-संध्याकाळ बोट घालायचं, आकडा वहीत मांडायचा, पुण्याला तिच्या लेकाला कळवायचा. डॉक्टरांनी तिला ८८ ते ९२ ची हद्द घालून दिलीय. थंडीत बोटं गार पडली की यंत्रही फसतं, मग हात चोळून पुन्हा बघायचं.

पूर्वी ती “बरी हाय” म्हणायची, आम्ही मानायचो. आता तोंड उघडायच्या आधी आम्ही बोट मागतो. एकदा म्हणाली, “आज दम लई लागतोय.” लेक फोनवरून म्हणाला, “अगं आई, नव्वद आहे की!” ती गप्पच झाली. दम तिचा, अन् साक्ष मात्र यंत्राची? हे मला अजून पटत नाही.

पण मागल्या पौषात ८४ आलं. हात चोळून बघितलं तरी ८४. “कुणाला सांगू नगंस, उगा तालुक्याला न्हेतील,” ती म्हणाली. खर्चाचं भ्या, दुसरं काय! मी सांगितलं. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. श्वास तिचा असला तरी तेवढा हक्क मी घेतला, पुन्हाही घेईन.

वहीत आता दोन रकाने आहेत. आधी ती काय म्हणाली ते लिहायचं, मग आकडा. दोन्ही जुळले नाहीत की डॉक्टरांना फोन.