देह, दळण आणि दुग्धाम्ल

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या जात्याला साक्षात विठ्ठलाने हात लावला, ही श्रद्धा ज्या गोदातीरी रुजली, तेथे देहाला नश्वर म्हणून तुच्छ लेखणारे तत्त्वज्ञान मला अपुरे वाटते. खुंटा धरलेल्या दंडाच्या स्नायूंस प्राणवायू पुरेनासा झाला, की लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर शर्करेच्या विघटनातून आलेल्या पायरुव्हेटचे लॅक्टेट (दुग्धाम्लाचे रूप) करून एनएडी हे सहविकर मोकळे करते, म्हणून ऊर्जानिर्मिती थांबत नाही आणि जाते फिरत राहते. रक्तावाटे गेलेले ते लॅक्टेट यकृत पुन्हा शर्करेत परतवते, हृदय तर त्याचेच इंधन करते. ज्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या कार्ल व गर्टी कोरी यांनी उलगडलेल्या या चक्रात एका अवयवाचे कर्ज दुसरा बिनतक्रार फेडतो. मग साहाय्यास धावणारा ईश्वर देहाबाहेरच शोधावा काय? मला तसे वाटत नाही.

तथापि पेशी फुटल्या की हेच विकर रक्तात उतरून विकाराची वर्दी देते. आणि ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखविल्याप्रमाणे कर्कपेशी प्राणवायू मुबलक असतानाही शर्करेचे लॅक्टेट करीत राहतात. विकराचे हे साहाय्य पात्रापात्र पाहत नाही, हे मान्य करूनही जनाबाईंच्या दळणात मी उपासनाच पाहतो.