तेरेखोलच्या पलीकडे कोण होते?

गेल्या वर्षी एका चर्चासत्रात एका अभ्यासकांनी ठामपणे सांगितले की, 1844 चे गडकऱ्यांचे बंड सावंतवाडीत चिघळले ते गोव्याच्या पोर्तुगीजांनी बंडवाल्यांना थारा दिला म्हणून. तिथल्या माणसांत एवढी धग मुळात नव्हतीच. पुराव्यादाखल त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांची मते वाचून दाखवली. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, ते आता देतो.

बंड सुरू झाले गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर. दाजी कृष्ण पंडित हे इंग्रजांच्या पाठबळावर कोल्हापूरचे कारभारी झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या किल्ला राखून जमीन खाणाऱ्या गडकऱ्यांवर नव्या मामलेदारांचा अंमल बसला आणि आपले वतन जाणार ही भीती गडागडांवर पसरली. सामानगड आणि भुदरगड, दोहोंनी दरवाजे लावून घेतले. पुढे पन्हाळा पडला आणि उरलेले लोक सावंतवाडीतल्या मनोहर-मनसंतोष गडांकडे वळले. तिथे फोंड सावंत तांबुळकर आधीच उठला होता. 1845 च्या जानेवारीत हे गडही इंग्रजांच्या हाती गेले. फोंड सावंत गोव्यात उतरला. इंग्रजांनी त्याला मागितले, गोव्याचे गव्हर्नर पेस्ताना यांनी दिले नाही.

इथून अधिकाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न घोळू लागला : यांना फूस कोणाची? पण ज्या सीमेपलीकडे ते फूस शोधत होते, ती सीमा तरी किती जुनी? पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला 1788 मध्ये, म्हणजे जेमतेम सत्तावन्न वर्षांपूर्वी. सावंतवाडीच्या म्हाताऱ्यांनी एकच मुलूख पाहिला होता. अलीकडच्यांची कुळदैवते पलीकडे, पलीकडच्यांच्या लेकी अलीकडे. नकाशावर तेरेखोल नदी सीमा झाली. माणसे मात्र पूर्वीसारखीच होडीतून ये-जा करत राहिली. रात्री दारात आलेल्या सोयऱ्याला भाकरी देणे हे इंग्रजी कागदात कट म्हणून नोंदले गेले.

बंडांविषयी कसे लिहिले जाते यावर इतिहासकार रणजित गुहांइतका खोल विचार दुसऱ्या कोणी केल्याचे मला माहीत नाही. 1983 च्या त्यांच्या निबंधात बंडांविषयीच्या लेखनाचे तीन थर दाखवले आहेत. पहिला थर बंड चालू असताना लिहिलेल्या पत्रांचा आणि अहवालांचा. दुसरा, त्याच नोकरशाहीतल्या माणसांनी मागाहून सावकाश लिहिलेल्या ग्रंथांचा. 1845 पासून सावंतवाडीचा कारभार पाहिलेल्या ल ग्रँड जेकब यांचे 1871 चे पुस्तक त्यातलेच. तिसरा थर आपला, इतिहासकारांचा. गुहांचा घाव खरा इथे बसतो. सहानुभूतीने लिहिणारेसुद्धा बंडवाल्याच्या डोक्यात काय होते हे विचारत नाहीत. त्याच्या वतीने दुसरेच कोणी विचार करत असते. त्या अभ्यासकांना तो पणजीत दिसला. या बंडाला 1857 च्या उठावाची रंगीत तालीम म्हणणाऱ्या आपल्याकडच्या अभिमानी लेखकांना तो पुढच्या राष्ट्रात दिसतो. दोघांच्याही लेखनात सामानगडचा गडकरी मुका आहे.

इथवर लिहून मी थांबलो होतो. बाहेरचा हात ही अधिकाऱ्यांची कल्पना, असे म्हणून लेख संपवायचा होता. पण तेरेखोलनेच अडवले.

एकशे दहा वर्षांनी त्याच नदीवर तोच प्रश्न उलट दिशेने विचारला गेला. आता चौकशी करणारे पोर्तुगीज होते आणि संशय अलीकडच्या तीरावर होता. पोर्तुगालमधल्या सालाझारच्या राजवटीचे म्हणणे असे की, गोव्यात असंतोष नाही, जे चालले आहे ते भारतातून घुसवलेल्या माणसांचे काम. गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाची सशस्त्र माणसे खरोखरच आपल्या हद्दीत तळ ठोकून होती. बांदा, सावंतवाडीच्या घरांनी त्यांना आसरा दिला, जेवू घातले. 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलणाऱ्यांत कितीतरी जण गोव्याबाहेरचे होते. ही मदत नव्हतीच असे मी म्हटले, तर त्या घरांचे पुण्य मी पुसून टाकतो.

म्हणून मी माझे म्हणणे बदलतो. पलीकडून मदत होती. 1845 मध्येही होती. पेस्ताना यांचा नकार ही साधी गोष्ट नव्हती. त्यात पोर्तुगीजांचा इंग्रजांशी हिशेब असेल आणि माणुसकीही असेल. माझे भांडण पुढच्या पायरीशी आहे. मदत सापडली की कारण सापडले असे धरले जाते आणि चौकशी तिथेच बंद होते. गोव्याचा माणूस चारशेहून अधिक वर्षांच्या परक्या सत्तेला का कंटाळला, हे सालाझारच्या पोलिसांना विचारावेसे वाटले नाही, कारण बांद्याच्या माणसाचे नाव मिळाले की त्यांचे काम भागत होते.

त्या अभ्यासकांना मी पत्र लिहिले आहे. फोंड सावंत नदी उतरला ते पान तुम्ही वाचलेत, सामानगडाचे दरवाजे का लागले ते त्याआधीचे पानही वाचावे, एवढीच विनंती त्यात आहे.