पलीकडे कोण आहे?

हिंजवडीतल्या एका नव्या इमारतीत फॉल्स सीलिंगचं काम चाललं होतं. बापू मिस्त्री आणि त्यांचा भाचा सूरज भिंतीच्या वरच्या अंगाला पत्र्याची चॅनेल ठोकत होते. हातात बॅटरीवाली नेलगन.

बापूंची उमेदीची वर्षं काडतुसाच्या गनवर गेलेली. तिचा बार उडाला की अख्खा मजला दचकायचा आणि माणसं आपोआप लांब सरकायची. या नव्या गनमध्ये काडतूस नाही, धूर नाही. दिसायला ती ड्रिल मशीनची थोरली बहीण. खिळा मात्र तसाच, काँक्रीटमध्ये आणि पोलादात घुसणारा. तिची कुणालाच धास्ती वाटत नाही, ना चालवणाऱ्याला, ना शेजारून जाणाऱ्याला, आणि मला तरी हाच तिचा सगळ्यात मोठा धोका वाटतो.

गनचं नाक भिंतीवर पुरतं दाबलं जात नाही तोवर घोडा ओढला तरी ती उडत नाही. सूरजला या सेफ्टीचा फार भरवसा. बापू म्हणायचे, “नाकापुढं काहीतरी आहे, एवढंच तिला कळतं. काय आहे ते आपण बघायचं.”

आणि ते बघायचेही. नवी जागा आली की आधी डोळ्यांना गॉगल, मग एक खिळा साध्या हातोडीनं भिंतीवर मारायचा. खिळ्याचं टोक बोथटलं तर जागा फार कडक. भिंतीला तडा गेला किंवा टवका उडाला तर ठिसूळ. खिळा सहज आत गेला तर मऊ. तिन्ही ठिकाणी गन बंद. काँक्रीटच्या कडेपासून चार बोटं सोडायची, नाहीतर कोपरा फुटतो. खिळा अडकला तर आधी बॅटरी काढायची, मगच हात लावायचा. एवढं सगळं सूरज मुकाट्यानं करायचा. त्याला पटत नव्हती ती एकच गोष्ट: भिंतीवर काम असलं की बापू हेल्परला पलीकडे उभा करायचे. तो “मोकळं!” म्हणून ओरडला की मगच खिळा.

“एक माणूस नुसता उभा, मामा? आपण रनिंग फुटावर काम घेतलंय.”

“असू दे उभा,” बापू म्हणायचे.

मग बापू लग्नाला गावी गेले. इंजिनिअरसाहेब सकाळीच बजावून गेले, सोमवारी हँडओव्हर आहे. सूरजनं हेल्परला पलीकडून बोलावून चॅनेल धरायला घेतलं. काम झपाट्यानं सरकलं.

दुपारी एक कॉलम लागला. चार खिळे नीट बसले, दर वेळी मनगटाला झटका बसला. पाचव्याला झटकाच नाही. चॅनेलला नुसतं भोक पडलेलं, खिळ्याचं डोकंसुद्धा दिसेना.

सूरज वळसा घालून पलीकडे गेला. कॉलम पुट्टीखाली केव्हाच संपला होता. तो आणि पुढची भिंत यांच्यातली फट बोर्डानं बुजवून वरून एकसारखी घोटलेली. खिळा बोर्ड फोडून पॅसेजपल्याडच्या लाकडी चौकटीत रुतला होता, हातानं निघेना. बोर्डाच्या भोकासमोर इलेक्ट्रिशियनच्या पोराची शिडी. वरच्या पायरीवर त्याची पक्कड आणि टेप तशीच पडलेली. सूरज त्या शिडीवर चढला. भोक बरोबर त्याच्या गालासमोर आलं.

तेवढ्यात पोरगा वायरचं बंडल खांद्यावर घेऊन आला. “काय झालं, दादा?”

सूरजनं भोक दाखवलं, चौकटीतला खिळा दाखवला, आणि गन आपणच चालवत होतो तेही सांगितलं. पोरगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “सांगायचं ना. मी खालीच थांबलो असतो.”

दुसऱ्या दिवशी बापू परतल्यावर सूरजनं त्यांना सगळं सांगितलं. बापू रागावले नाहीत. त्यांनी गनची बॅटरी काढून खिशात घातली आणि भाच्याच्या हातात हातोडी दिली. “वाजव.” सूरजनं आदल्या दिवशीची सगळी लाइन वाजवत नेली. भरीव आवाज आला तिथं खडूची खूण, पोकळ आला तिथं फुली. एका फुलीवरचे दोन खिळे नुसत्या बोटांनी निघाले. कॉलमची खरी कड दर ठिकाणी आखून घेतली आणि फुल्यांच्या जागी ड्रिलनं भोक पाडून, त्या त्या भिंतीला चालेल असा प्लग बसवला. अर्धा दिवस गेला.

इंजिनिअरसाहेब आले तेव्हा हेल्पर खाली सामान उतरवायला गेला होता आणि सूरज गन खाली ठेवून उभा होता.

“काम का थांबलंय?”

“पलीकडे माणूस नाही, साहेब.”

“अरे, पण हँडओव्हर...”

“मग तुम्हीच थांबा पलीकडे पाच मिनिटं,” सूरज म्हणाला. “शिडीवर कुणी असेल तर खाली उतरवा आणि मला आवाज द्या.”

साहेबांनी बापूंकडे पाहिलं. बापूंनी दाराकडे बोट केलं. साहेब गेले, आणि जरा वेळानं पलीकडून त्यांचा आवाज आला, “मोकळं!”

सूरजनं गॉगल लावला आणि गन उचलली.