अर्ध्यावर उठणाऱ्यांचा धर्म

ओसाकासारख्या नगरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी दांपत्याच्या घरी मूल जन्माला आले, आणि मदतीला आलेली आजी 90 दिवसांच्या व्हिसाची मुदत संपताच मायदेशी परतली, म्हणजे त्या घराचा सारा भार दोन नोकरदार माणसांवर आणि ‘होइकुएन’ या नावाच्या पाळणाघरावर येऊन पडतो. या पाळणाघरांची शिस्त मोठी काटेकोर असते. रोज सकाळी बाळाचे तापमान वहीत नोंदवावे लागते, आणि दिवसा ते 37.5 अंशांवर गेले की आईला किंवा बापाला बोलावणे येते. ते येते तेव्हा कचेरीत बैठक रंगात आलेली असते, किंवा अहवालाचे शेवटचे पान लिहावयाचे राहिलेले असते. आणि जो उठून निघतो तो दोन अपराध मनाशी घेऊन निघतो : हातचे काम टाकले हा एक, आणि मूल तापाने फणफणत असता आपण कामावर होतो हा दुसरा. या बोचणीचा विचार बहुधा सोयीचा किंवा वेळापत्रकाचा प्रश्न म्हणून केला जातो. मला तो मुळात धर्माचा प्रश्न वाटतो. अर्ध्यावर सोडलेल्या, उणीव राहून गेलेल्या कर्माची प्रतिष्ठा काय?

या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार आपल्याकडे ज्या शास्त्रात झाला त्याला आज कोणी फारसे हात लावीत नाही. जैमिनीच्या पूर्वमीमांसेचा सहावा अध्याय कर्माचा अधिकार कोणाला, आणि ज्याचे सामर्थ्य अपुरे पडते त्याने काय करावे, याची चर्चा करतो; आणि तेथे काम्य व नित्य या दोन कर्मांसाठी दोन वेगळे न्याय सांगितलेले आहेत. पर्जन्य, पशू, संतती अशा एखाद्या फळाच्या इच्छेने आरंभिलेले काम्य कर्म सर्व अंगांसह पार पडले तरच फलद्रूप होते. अग्निहोत्रासारखे नित्य कर्म मात्र सायंप्रातः आणि आयुष्यभर करावयाचे असल्याने ते यथाशक्ती करावे, एखादे अंग घडले नाही तरी प्रधान कर्म घडले म्हणजे ते सिद्ध झाले, असा निर्णय आहे. मनुष्याचे बळ रोज सारखे राहत नाही हे त्या कर्मठ म्हणून हिणविल्या गेलेल्या शास्त्रकारांनी किती सहृदयतेने ओळखले होते, हे पाहून माझे मन आदराने भरून येते.

तान्ह्या मुलाचे संगोपन हे असेच नित्य कर्म आहे. पाजणे, पुसणे, थोपटणे, निजविणे, आणि दोन तासांनी तेच पुन्हा आरंभणे : त्याला पूर्णाहुती नाही. पहाटे चार वाजता डोळ्यांवरची झोप आवरीत बाटली हातात धरणाऱ्या बापाला धड अंगाई आठवत नसेल, दुपटे उलटे गुंडाळले गेले असेल. ही अंगे राहिली, पण मूल जवळ घेतले गेले, त्याचे पोट भरले, आणि कर्म झाले. अडचण नोकरीच्या बाजूने येते, कारण तिला आपण पूर्णपणे काम्य करून टाकले आहे. बढती, वार्षिक मूल्यमापन, वरिष्ठांची मर्जी या फळांसाठी आरंभिलेल्या कर्मात एकही अंग उणे राहिलेले चालत नाही, आणि मग सारी उणीव घराच्या वाट्याला येते. अतिश्रमाने ओढवणाऱ्या मृत्यूला या देशात ‘कारोशी’ असे स्वतंत्र नाव पडले, आणि 1988 साली त्याविषयीची दूरध्वनी सल्लासेवा पहिल्याने सुरू केली ती ओसाकातील वकिलांनी. ‘यथाशक्ती’ हा शब्द आळशांचा आसरा होईल अशी शंका कोणी घेईल. पण शास्त्राने प्रधान कर्म सोडण्याची मुभा कोठेच दिलेली नाही. आपल्या दिवसातील कोणती बैठक प्रधान आणि कोणती केवळ अंग, हे प्रामाणिकपणे ठरविणे हे आळसापेक्षा पुष्कळच कठीण काम आहे.

याच ओसाकात 1724 साली व्यापाऱ्यांनी ‘काइतोकुदो’ नावाची विद्याशाळा काढली, आणि दोन वर्षांनी तेथे जे नियम लावण्यात आले त्यांत, ग्रंथ जवळ नसले तरी श्रवणास यावे, आणि निकडीचे काम निघाल्यास व्याख्यान अर्ध्यावर सोडून जाण्यास प्रत्यवाय नाही, अशी स्पष्ट तजवीज होती. कन्फ्यूशियसच्या परंपरेत गुरूचे स्थान किती उच्च! तरीही पेढीवरून बोलावणे आले म्हणून उठणाऱ्या शिष्याने विद्येचा अवमान केला असे त्या शाळेने मानले नाही. पेढीसाठी ज्ञान अर्ध्यावर सोडता येत असेल, तर तापलेल्या बाळासाठी पेढी सोडण्यास कोणते शास्त्र आड येईल?

आपल्याकडच्या कथांत कामाला चिकटून राहणे आणि मुलाकडे धावणे हे दोन्ही ध्रुव एकाच पुरुषाच्या ठायी आढळतात. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या सेवेत असता जमाखर्चातील एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि पुढे पैठणास गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य गणलेल्या घरातले मूल त्यांनी विधिनिषेधाचा विचार न करता कडेवर घेतले. पहिली कथा आम्ही मुलांना एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो. हिशेब शोधणारे एकनाथ तेव्हा अविवाहित शिष्य होते, हे मात्र सांगावयाचे राहते.

येथे या विचारातील सर्वांत नाजूक जागा येते : संसारी महापुरुषांचे घर कोण चालवीत होते? ओसाकाच्या किल्ल्याच्या जागी पूर्वी होंगान्जी मठ होता. 1496 मध्ये बौद्ध आचार्य रेन्न्यो यांनी तेथे वसाहत केली, आणि तिच्याभोवती हे नगर वाढले. रेन्न्यो 27 अपत्यांचे पिता होते, आणि त्यांच्या पंथाचे प्रवर्तक शिनरान यांनी तेराव्या शतकातच भिक्षूचे ब्रह्मचर्य सोडून उघडपणे संसार केला होता. नवजात पुत्राला सोडून गेलेल्या बुद्धाच्या धर्मात गृहस्थाला मिळालेले हे स्थान असामान्य आहे. पण शिनरान क्योतोत ग्रंथरचना करीत असता त्यांच्या पत्नी एशिन्नी दूर एचिगो प्रांतात घर चालवीत होत्या, हे 1921 साली सापडलेल्या त्यांच्या पत्रांवरून जगाला नीट कळले. एकनाथांच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यांची पंगत त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी सांभाळली. प्रपंच आणि परमार्थ यांचा जो मेळ आपण या महापुरुषांच्या नावे जमा करतो, त्याच्या खर्चाची बाजू बहुतांशी या स्त्रियांच्या खाती पडलेली आहे.

मीमांसेने यजमानाला प्रतिनिधी चालत नाही असे ठरविले आहे. द्रव्य बदलता येईल, ऋत्विज म्हणजे पुरोहित नेमता येतील, यजमान बदलता येणार नाही. पाळणाघरातील शिक्षिका आणि नव्वद दिवसांची आजी ही ऋत्विजांची कामे, आणि ती कृतज्ञतेने घ्यावी. त्याच शास्त्राने पतिपत्नींना सहाधिकारही दिला आहे. म्हणजे बापाचे यजमानपण आईने एकटीने निभावले असे म्हणता येणार नाही. जन्मानंतरच्या दहा दिवसांच्या सोयरात आपल्या धर्माने पित्याला देवपूजेतून रजा दिली होती; तिचे कारण अशौच होते, बाळाची शुश्रूषा नव्हे, आणि म्हणून ते दिवस बहुधा ओसरीवर बसून गेले. जपानच्या कायद्याने ऑक्टोबर 2022 पासून पित्याला जन्मानंतरच्या आठ आठवड्यांत चार आठवड्यांपर्यंतची वेगळी रजा दिली आहे, आणि 2024 च्या सरकारी पाहणीत संगोपनाची रजा घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 40.5 टक्क्यांवर पोचले आहे. ओसाकात राहणाऱ्या मराठी बापांनाही हा कायदा लागू आहे. अर्ज मात्र ज्याचा त्यानेच करावा लागतो.