देव अख्खी वाट पाहतो

१९८० साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये महिलांत रोझी रुईझ पहिली आली. ती अखेरच्या टप्प्यात शर्यतीत घुसली होती, हे उघड झाल्यावर आठवडाभराने विजेतेपद कॅनडाच्या जॅकलिन गॅरोला मिळाले. ४२.१९५ किलोमीटर धावूनही त्या दिवशी गॅरो दुसरीच ठरली होती.

धंद्यात आपणही हे पाहतो. काटा मारणारा पुढे जातो, लाच देणाऱ्याला कंत्राट मिळते. न्याय दर वेळी आठवडाभरात होत नाही. मग खरे का वागायचे? कारण देव अख्खी वाट पाहतो.

संत पौल करिंथकरांना धावपटूच्या संयमाचा दाखला देतो. संयम सरावाने येतो. खरे वजन, वेळेवर मजुरी, चोख हिशेब हा आपला रोजचा सराव. तो आज टाळला, तर मोठ्या मोहाच्या दिवशी बळ कोठून येणार?

बंधुभगिनींनो, उद्या दुकान उघडताना प्रभूजवळ हेच बळ मागू या.